तोंडी हुकूम

१९५८ च्या आरंभी मुंबईत एका सदस्याच्या चौकशी आयोगापुढे ज्या साक्षी चालल्या होत्या, त्या ऐकण्यासाठी लोकांची एवढी गर्दी लोटली की दालनाबाहेर ध्वनिक्षेपक लावण्याची व्यवस्था करावी लागली. विषय पाहू गेल्यास रुक्ष आणि हिशेबी होता. सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये हरिदास मुंध्रा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे भाग विकत घेतले होते. त्यांत कलकत्त्याची जेसॉप होती, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती आणि आपल्या मुंबईची रिचर्डसन अँड क्रूडासही होती. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला न विचारता झालेल्या या खरेदीविषयी फिरोज गांधी यांनी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम छागला यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. छागलांनी ती उघड्या दालनात चालवली. महिनाभराच्या आत त्यांचा अहवाल तयार झाला आणि देशाच्या अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले.

त्या दालनात जमलेल्या सामान्य विमेदाराला भागबाजारातील चढउतार कितपत कळत होते हे सांगता येत नाही. परंतु त्याला एक गोष्ट निश्चित कळत होती, ती ही की आपला पैसा कोणीतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून खर्च केला आहे आणि ते सांगणारा कोण हे आता पुढे येत नाही. अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे असे की मंत्र्यांशी बोलणे झाले होते आणि त्यांची संमती होती; अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे की अशी संमती आपण दिलेली नाही. महामंडळाचे अधिकारी सचिवांकडे बोट दाखवीत होते, सचिव मंत्र्यांकडे, आणि मंत्री पुन्हा सचिवांकडे. हे वर्तुळ जेथे तुटावे असा सरकारचा लेखी निदेश मात्र कोठेही नव्हता. दोन वर्षांपूर्वी संसदेने संमत केलेल्या विमा महामंडळ कायद्याच्या २१ व्या कलमात तर स्पष्ट म्हटले होते की सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबींत केंद्र सरकार जे लेखी निदेश देईल त्यांनुसार महामंडळाने चालावे. कायद्याने लेखणीची अट घातली होती, आणि व्यवहार जिभेवर उरकला होता.

छागलांनी आपल्या अहवालात दोन तत्त्वे मांडली, आणि पासष्टांहून अधिक वर्षे लोटल्यावरही ती शिळी झालेली नाहीत. पहिले असे की सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची असते. हाताखालच्या अधिकाऱ्याची ढाल पुढे करून त्याला स्वतः मागे राहता येणार नाही. दुसरे असे की स्वायत्त महामंडळांच्या कारभारात सरकारने ढवळाढवळ करू नये, आणि करावयाचीच असेल तर लेखी निदेश देण्याची जबाबदारी टाळू नये. पहिल्या तत्त्वाची चर्चा तेव्हाही पुष्कळ झाली आणि अभ्यासक्रमांतून आजही होते. दुसऱ्या तत्त्वाकडे मात्र एखाद्या कार्यालयीन सूचनेसारखे पाहिले गेले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की या दोहोंत दुसरे तत्त्व अधिक मूलभूत आहे, कारण त्याच्यावाचून पहिले अमलात येऊच शकत नाही. आज्ञा कोणी दिली हे जेथे नोंदलेले नाही, तेथे जबाबदारी कोणाची हे ठरवणे अशक्य होते, आणि ज्या कारभारात जबाबदारी ठरत नाही त्या कारभारात निःपक्षपातीपणा टिकत नाही.

दफ्तराची परंपरा

लेखी कारभार ही इंग्रजांनी आपल्याला दिलेली देणगी आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल ज्याने पाहिले असतील त्याचा हा समज टिकणार नाही. चिटणिसाने मसुदा करावा, फडणिसाने हिशेब पाहावा, निघालेल्या पत्राची नोंद व्हावी आणि तशी खूण पत्रावर उमटावी, ही मराठेशाहीची रीत होती. आणि आजही आपल्या जिल्हाधिकारी कचेरीत आलेला अर्ज प्रथम बारनिशीत जातो तेव्हा त्या रीतीचाच एक धागा चालू राहिलेला असतो. त्या राज्यव्यवस्थेत अन्याय नव्हता असे कोणी म्हणणार नाही. परंतु वतनाचा तंटा तीन पिढ्यांनी पुन्हा उभा राहिला तरी आजोबांच्या वेळी कोणता निवाडा झाला होता हे दफ्तर सांगू शके, आणि त्या सांगण्यापुढे बलाढ्य पक्षालाही क्षणभर थांबावे लागे.

इंग्रजी अमलाने या परंपरेला नियमबद्ध रूप दिले, आणि स्वातंत्र्यानंतर सचिवालयाने ते उचलले. नस्तीचा प्रवास आजही साधारण तसाच होतो. कक्षातील सहायक टिपणी लिहितो. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असे चढत ती मंत्र्यांपर्यंत जाते. प्रत्येक पायरीवर सहमती असेल तर सही पडते, मतभेद असेल तर त्याची कारणे नमूद होतात. या व्यवस्थेत एक मोठा नैतिक आशय दडलेला आहे. अवर सचिवाने लिहिलेले प्रतिकूल मत मंत्र्यांनी अमान्य करावे हा त्यांचा अधिकार आहे, कारण लोकांनी निवडून दिले आहे ते मंत्र्यांना. परंतु ते मत पुसून टाकण्याचा अधिकार त्यांना नाही. मतभेद कागदावर राहतो, आणि उद्या निर्णय चुकीचा ठरला तर कोणी सावध केले होते व कोणी ते मानले नाही हे दिसते. निवडून आलेल्याची सत्ता आणि सेवकाचा विवेक ही दोन्ही तत्त्वे एकाच पानावर, एकमेकांना न चिरडता नांदू शकतात, ती या नोंदीमुळे.

दफ्तराची व्यवस्था हाही त्याच आशयाचा भाग होय. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची जी पुनर्रचना केली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाली, आणि कागदांचे सहा गठ्ठे करण्याची पद्धत महसुली कारकुनांच्या अंगवळणी पडली: प्रलंबित प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची आणि नष्ट करावयाची कागदपत्रे. बाहेरच्या माणसाला ही केवळ आवराआवर वाटेल. पण ज्या शेतकऱ्याचा फेरफार चार वर्षे अडकला आहे, त्याच्या दृष्टीने त्याचा कागद ‘प्रलंबित’ गठ्ठ्यात दिसणे आणि कोठेच न दिसणे यांत न्याय आणि अन्याय यांच्याएवढे अंतर आहे. सापडणाऱ्या कागदाचा जाब विचारता येतो.

जेव्हा लेखणी थांबते

तोंडी हुकमाने काय घडू शकते हे पाहावयाचे असेल तर २५ जून १९७५ च्या रात्रीकडे वळावे लागते. दिल्लीतील बहादुरशाह जफर मार्गावर तेव्हा अनेक वृत्तपत्रांचे छापखाने होते. त्या रात्री तेथील वीजपुरवठा तोडण्यात आला आणि दुसऱ्या दिवशीचे अंक निघू शकले नाहीत. आणीबाणीनंतर माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह यांच्या आयोगाने या घटनेची चौकशी केली, तेव्हा उघड झाले की हा वीजपुरवठा नायब राज्यपालांच्या तोंडी आदेशावरून बंद झाला होता. ज्या वृत्तपत्रांना नवी दिल्ली नगरपालिकेकडून वीज मिळत होती, त्यांपैकी काही या तडाख्यातून वाचली, कारण आदेश त्या दुसऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचला नव्हता. एखाद्या कायद्याच्या कलमाने वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य हिरावले असते तर ते सर्वांचे सारखेच गेले असते. येथे ते तारेच्या जोडणीवर अवलंबून राहिले. मनमानीचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

शाह आयोगाच्या अहवालांत असे प्रसंग आणखी आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत क्लेशकारक भाग स्थानबद्धतेच्या हुकमांचा आहे. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली माणसाला अटकेत ठेवावयाचे तर दंडाधिकाऱ्याने कारणे तपासून, स्वतःची खात्री करून हुकूम काढला पाहिजे, असा कायद्याचा दंडक होता. आयोगाला आढळले की दिल्लीत कित्येक प्रकरणांत आधी माणूस पकडला गेला, कारणे मागाहून लिहिली गेली आणि हुकमांवर मागच्या तारखा पडल्या. शाह हे न्यायमूर्ती म्हणून मुंबई उच्च न्यायालयात घडलेले. छागलांच्या मुख्य न्यायाधीशपदाच्या काळात ते तेथेच न्यायासनावर होते. वीस वर्षांच्या अंतराने या दोघांनी देशाच्या कारभाराची जी दोन निदाने केली, त्यांत रोग एकच निघाला: सत्तेला जे करावयाचे होते ते तिने लिहून केले नाही, आणि ज्यांनी लेखी आज्ञा मागावयाची ते मागण्यास धजले नाहीत.

या दुसऱ्या दोषाकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहत नाही. तोंडी आज्ञा देणारा दोषी आहेच. पण ती ऐकून मान तुकवणारा अधिकारी, त्याच्या हाताखाली ती अमलात आणणारा दुय्यम आणि सगळे ठाऊक असून गप्प बसणारा सहकारी यांच्या साखळीवाचून तिचे पाऊल पुढे पडत नाही. सरदार पटेलांनी घटना समितीत १९४९ च्या ऑक्टोबरात सनदी सेवांची बाजू मांडली, तेव्हा त्यांचा सारा भर यावर होता की अधिकाऱ्याला आपले मत निर्भयपणे सांगण्याची सुरक्षितता असली पाहिजे. घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाने दिलेले संरक्षण हे त्या निर्भयतेसाठी दिलेले आहे. ते आळसासाठी किंवा अरेरावीसाठी वापरले जात असेल, आणि पुष्कळदा तसे वापरले जातेही, तर त्याचा अर्थ एवढाच की समाजाने ज्या कामासाठी किंमत मोजली ते काम त्याला मिळालेले नाही.

बदलीचे हत्यार

अधिकाऱ्याला बडतर्फ करणे घटनेने अवघड केले. बदली करणे मात्र सोपेच राहिले. म्हणून आपल्या राज्यात पक्षपाताचे हत्यार बदली हेच बनले. तालुक्याच्या गावी तहसीलदार वाळूच्या गाड्या अडवू लागला, पोलीस निरीक्षकाने नको त्या माणसावर गुन्हा नोंदवला, अभियंत्याने निकृष्ट कामाचे देयक रोखून धरले, की त्या माणसाला शिक्षा झाली असे कोणी म्हणत नाही. त्याची केवळ बदली होते. त्याची मुले शाळेच्या मध्यावर गाव सोडतात, म्हातारे आईवडील मागे राहतात, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला न सांगता समजते की पूर्वीचा का गेला. एका बदलीने शंभर अधिकाऱ्यांना धडा मिळतो, आणि त्या धड्याची नोंद कोणत्याही नस्तीत नसते. नस्तीत असतो तो फक्त ‘प्रशासकीय कारणास्तव’ हा शेरा.

महाराष्ट्राने या दुखण्यावर कायद्याचा उपाय केला ही अभिमानाची गोष्ट आहे. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी आझाद मैदानावर उपोषण केले. माहितीच्या अधिकाराबरोबरच बदल्यांतील मनमानीला आणि दफ्तरदिरंगाईला आळा घालणारा कायदा व्हावा ही त्यांच्या चळवळीची मागणी होती. त्यातून जो कायदा झाला त्याचे नावच त्याच्या दुहेरी हेतूची साक्ष देते: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. बदलीच्या आणि विलंबाच्या तरतुदी एकाच कायद्यात गुंफण्यामागे खोल विचार आहे. राज्यकर्त्याने अधिकाऱ्याला निर्भयता द्यावी, आणि त्या निर्भयतेच्या बदल्यात अधिकाऱ्याने नागरिकाला वेळेवर काम द्यावे, असा हा करार आहे.

कराराचा पहिला भाग असा. अखिल भारतीय सेवांचे अधिकारी आणि राज्य सेवेतील गट अ, ब व क यांच्यासाठी एका पदावरील सामान्य कालावधी तीन वर्षांचा. बदल्या सामान्यतः वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात. मुदतीपूर्वी वा मध्येच बदली करावयाची तर विशेष कारणे लेखी नमूद करून निकटच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावयाची. दुसरा भाग असा. कोणतीही नस्ती कोणाच्याही मेजावर सामान्यतः सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये. तातडीची असेल तर चार दिवसांत पुढे जावी. दुसऱ्या विभागाचा सल्ला लागत नसेल तर निर्णय पंचेचाळीस दिवसांत व्हावा, लागत असेल तर तीन महिन्यांत. आणि हेतुपुरस्सर विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. पुढे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने या दुसऱ्या भागाला आणखी धार दिली: अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती, आणि दाद मागण्यासाठी स्वतंत्र आयोग.

या कायद्याचा प्राण ‘कारणे लेखी नमूद करून’ या शब्दांत आहे, आणि त्यांच्यावरच पहिल्या दिवसापासून आघात होत आले. अपवादाचे दार किंचित उघडे ठेवले होते. त्यातून नित्याची रहदारी सुरू झाली. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथील खंडपीठांपुढे मुदतपूर्व बदल्यांविरुद्धचे अर्ज येत राहिले, आणि न्यायाधिकरणाने व उच्च न्यायालयाने वेळोवेळी बजावले की ‘प्रशासकीय कारण’ एवढे लिहिणे म्हणजे कारण देणे नव्हे. अमुक अधिकारी तमुक जागेवरून मुदतीपूर्वी का हलवावा लागला, याचे वस्तुनिष्ठ उत्तर नस्तीत दिसले पाहिजे. ज्या प्रकरणांत ते दिसले नाही त्यांतील आदेश रद्द झाले. कागदाने येथे दुबळ्याला हात दिला. नस्ती न्यायासनापुढे आली, तिच्यात कारणाच्या जागी एखाद्या लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र तेवढे निघाले, आणि ते पुरेसे नाही असे म्हणण्याची ताकद न्यायालयाला मिळाली ती नस्ती समोर होती म्हणूनच.

पोलीस दलाच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने राज्यांना निदेश दिले की पोलीस महासंचालक आणि क्षेत्रीय अधिकारी यांना किमान दोन वर्षांची मुदत असावी, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ असावे आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस अधिनियमात सुधारणा करून ही मंडळे आणली. मंडळ असले की पक्षपात संपला असे होत नाही. तरी मंडळाने शिफारस केली आणि सरकारने ती डावलली, तर डावलल्याची खूण राहते.

चळवळीने राखलेला कागद

३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवर जो निर्णय दिला, त्यात छागलांचे दुसरे तत्त्व पंचावन्न वर्षांनी पुन्हा अवतरले. न्यायालयाने सांगितले की अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी आदेशांवर काम करू नये. वरिष्ठ, मंत्री किंवा अन्य कोणीही दिलेल्या तोंडी सूचनांची लेखी नोंद झाली पाहिजे. अन्यथा माहितीच्या अधिकारालाही अर्थ उरणार नाही, कारण जी माहिती नोंदलेलीच नाही ती मागणार कशी? हा नियम नवा नव्हता. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठांचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी द्यावा लागला तर तो ताबडतोब लेखी कायम करावा, आणि तसा तो मागून घेणे हे दुय्यमाचे कर्तव्य आहे, असे म्हटलेले आहे. नियम होता, न्यायालयाचा निर्णयही झाला. मात्र व्यवहारात भ्रमणध्वनीवरील एका वाक्याने कामे होतात आणि थांबतात, हे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांना ठाऊक आहे.

येथे महाराष्ट्राच्या एका कर्तबगारीची कृतज्ञतेने आठवण केली पाहिजे. केंद्रीय माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला आणि वर्षही उलटले नव्हते तोच, २००६ च्या जुलैत, नस्तीवरील टिपण्या या कायद्याच्या कक्षेतून बहुतांशी वगळाव्यात असा दुरुस्तीचा प्रस्ताव केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केला. निर्णय कळावा, पण तो कसा झाला, कोणी विरोध केला आणि कोणी रेटला हे कळू नये, असा त्याचा परिणाम झाला असता. ९ ऑगस्टला अण्णा हजारे यांनी आळंदीत उपोषण सुरू केले. देशभर नागरिकांच्या संघटना उठल्या. आणि सरकारने माघार घेतली. ज्ञानदेवांच्या समाधीच्या गावी सरकारी टिपणीच्या अधिकारासाठी माणसे जमली, याचे पुढच्या पिढ्यांना कदाचित नवल वाटेल. परंतु त्या माणसांनी प्रश्नाचे मर्म अचूक ओळखले होते. टिपणी गेली तर जबाबदारी जाते.

धोका पुरता टळलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकार कायद्याच्या ८ व्या कलमातील वैयक्तिक माहितीच्या अपवादाची शब्दरचना बदलून तो पुष्कळ व्यापक केला. सार्वजनिक हित अधिक असेल तर माहिती द्यावी, ही त्याच कलमातील दुसरी तरतूद अजून शाबूत आहे. परंतु बदलीची शिफारस कोणी केली किंवा सवलत कोणाला मिळाली असे विचारणाऱ्या अर्जदाराला ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर देणे आता सोपे झाले आहे. खाजगी जीवनाचे संरक्षण हे मोठे मूल्य आहे. सार्वजनिक पदावर बसून केलेल्या सार्वजनिक कृतीला मात्र त्याचा आडोसा मिळता कामा नये.

कागदाचे शत्रू माणसांप्रमाणे निसर्गातही आहेत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरील कित्येक विभागांच्या नस्त्या भस्म झाल्या. त्यानंतर ई-ऑफिसकडे झालेली वाटचाल स्वागतार्ह आहे, कारण संगणकावरील नस्तीत कोणी, केव्हा, काय लिहिले याचा माग राहतो. तथापि यंत्र एवढेच राखते जे त्यात घातले जाते. मंत्र्याच्या दालनात झालेले बोलणे नोंदवण्याची जबाबदारी शेवटी माणसाचीच आहे.

आक्षेप आणि उत्तर

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे प्रशासनातील अनुभवी लोक असतात. ते म्हणतात, प्रत्येक गोष्ट लिहून मागाल तर काम थंडावेल. पूर आला असता धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी लेखी आदेशाची वाट पाहावयाची काय? शिवाय लेखी कारभाराने निर्णय टाळणाऱ्या अधिकाऱ्याची सोय होते. तो ‘अभिप्रायार्थ सादर’ असा शेरा मारून नस्ती पुढे ढकलतो, आणि पाच विभागांच्या सह्या झाल्यावर जबाबदारी कोणाचीच राहत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. लेखणी ही औषधासारखी आहे. मात्रा चुकली तर तीच रोग वाढवते.

परंतु आणीबाणीच्या प्रसंगी तोंडी आदेश देऊ नयेत असे कोणीच म्हटलेले नाही. नियमाची अपेक्षा एवढीच की पूर ओसरल्यावर, शक्य तितक्या लवकर, दिलेल्या आदेशाची नोंद व्हावी. ज्याने प्रामाणिकपणे दरवाजे उघडविले त्याला ही नोंद करण्यात अडचण कसली? उलट ती त्याचेच रक्षण करते. आणि पाच सह्यांच्या रोगावरचा उपाय २००५ च्या कायद्यातच आहे: निर्णयाचे अधिकार खाली सोपवावेत आणि नस्ती तीनांहून अधिक स्तरांवरून जाऊ नये, असे तो सांगतो. सह्या कमी असाव्यात, पण प्रत्येक सहीमागे कारण असावे. विलंबाला कारणीभूत होते ती जबाबदारीपासूनची पळवाट. लिहिण्याला त्याचा दोष देणे योग्य नव्हे.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला आपले धोरण राबवण्यासाठी आपल्या विश्वासाची माणसे हवी असतात. कायद्याच्या कुंपणाने नोकरशाही निवडून आलेल्यांपेक्षा वरचढ होईल, असे म्हटले जाते. येथेही एक खरी चिंता आहे. मंत्र्याची आज्ञा धुडकावणारा अधिकारी लोकशाहीला तितकाच घातक होय. परंतु लेखी आज्ञेचा आग्रह मंत्र्याचा अधिकार एका तसूनेही कमी करीत नाही. त्याने लिहावे आणि हवे ते करवून घ्यावे. विरोधी टिपणीखाली ‘अमान्य’ असे लिहून सही करावी. नियमाने त्याला मनाई आहे ती एकाच गोष्टीची, आज्ञा देऊन ती नाकारण्याची. सर्वांना सारखा लागू होणारा निर्णय लिहिताना कोणाचाही हात अडखळत नाही. ‘आपल्या’ माणसाला परवाना द्या आणि ‘त्यांच्या’ माणसाच्या घरावर पथक पाठवा, हे मात्र लिहिता येत नाही. म्हणून लेखणीची सक्ती ही आपोआपच निःपक्षपातीपणाची सक्ती ठरते.

कोणाचे काम

आयुर्विमा महामंडळाचा कायदा ज्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात झाला ते चिंतामणराव देशमुख, जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडलेले, १९५९ मध्ये जाहीरपणे म्हणाले की उच्चपदस्थांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारे एक स्थायी, निःपक्षपाती न्यायाधिकरण असावे. त्यावेळी ते मानले गेले नाही. पण तोच विचार पुढे प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या १९६६ च्या शिफारशींत आला, आणि १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्राने लोकायुक्तांचे पद निर्माण करून पुढल्याच वर्षी ते प्रत्यक्षात आणले. देशात असे करणारे हे पहिले राज्य. हा क्रम धीर देणारा आहे. एका माणसाने मांडलेली आणि सत्तेने नाकारलेली गोष्ट तेरा वर्षांत संस्था होऊ शकते. त्या संस्थेचे अधिकार शिफारशीपुरतेच मर्यादित ठेवले गेले ही तिची उणीव; परंतु शिफारसही लेखी असते आणि विधिमंडळापुढे जाते.

आता पुढचे पाऊल कोणते? प्रथम, मुदतपूर्व बदलीचा प्रत्येक आदेश त्याच्या कारणांसह शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावा. कारण लिहिलेच पाहिजे असा कायदा असताना ते दडवण्याचे प्रयोजन नाही. दुसरे, मंत्री आणि वरिष्ठ यांच्या तोंडी सूचनांची नोंद ई-ऑफिसच्या नस्तीत त्याच दिवशी करणे हे दुय्यमाचे बंधनकारक कर्तव्य ठरावे, आणि अशी नोंद केल्याबद्दल झालेली बदली प्रथमदर्शनी सूडाची मानली जावी. तिसरे, कागद गहाळ झाल्यास सर्वांत खालच्या कारकुनावर दोष ढकलून प्रकरण मिटवण्याची रीत बंद व्हावी. नस्ती ज्याच्या ताब्यात शेवटची होती त्या अधिकाऱ्याला, तो कितीही मोठा असो, उत्तर द्यावे लागावे.

यांपैकी काहीही सत्ताधारी आपखुशीने करील अशी अपेक्षा भाबडी आहे, कारण तोंडी हुकमाची सोय प्रत्येक सत्ताधाऱ्याला हवी असते; जो पक्ष आज तिचा बळी आहे त्यालाही उद्या तीच प्रिय वाटते. म्हणून हे काम नागरिकांचे आहे. माहिती अधिकार कायद्याच्या ४ थ्या कलमाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे संबंधित व्यक्तीला सांगणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. ज्याचा अर्ज फेटाळला गेला, ज्याच्या गावचा चांगला अधिकारी अकस्मात हलवला गेला, ज्याच्या शेजाऱ्याला नियम लागू झाला आणि पुढाऱ्याच्या नातलगाला झाला नाही, त्याने ‘हा निर्णय कोणाच्या सहीने आणि कोणत्या कारणाने झाला?’ हा प्रश्न लेखी विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत अपिलात जात राहावे. १९५८ मध्ये एका न्यायाधीशाने देशाच्या अर्थमंत्र्याला हा प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर द्यावे लागले. आज तो विचारण्याचा अधिकार कायद्याने गावोगावच्या प्रत्येक माणसाच्या हाती दिला आहे; तो जितक्या सातत्याने वापरला जाईल, तितकेच आपले शासन जबाबदार आणि निःपक्षपाती राहील.